डोणीतलं कोमट पाणी

आमच्या विहिरीच्या कडेला एक दगडी डोण आहे. पणजोबांच्या वेळची, काळ्या दगडातून कोरून काढलेली, चार हात लांब आणि गुडघ्याएवढी खोल. पूर्वी गुरं तिच्यात पाणी प्यायची, मग गुरं गेली आणि डोण कित्येक वर्षं पावसाचं पाणी नि पोफळीची पानं साठवत तशीच पडून होती. आता तिच्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवलंय, पंधरा मीटरचं, आणि त्या नळीतून जे पाणी फिरतं ते पडवीतल्या खोलीत चालणाऱ्या दोन कॉम्प्युटरची उष्णता घेऊन येतं. विहिरीचं पाणी डोणीत एका बाजूने पडतं, वेटोळ्यावरून जातं आणि दुसऱ्या बाजूने पाटात उतरून आगरात जातं, माडांना नि पोफळींना. पहाटे उठून हात घातला की येणारं पाणी गार लागतं आणि जाणारं जरासं कोमट. तीन अंशांचा फरक आहे, थर्मामीटरने मोजलाय, पण हातालाही कळतो.

गाव दापोली तालुक्यातलं, किनाऱ्यालगतचं, घरापासून समुद्र पाऊण किलोमीटर, भरतीच्या रात्री गाज अंथरुणात ऐकू येते. मी एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घरून करते, पण पडवीतली ती दोन मशीन्स त्या कामाची नाहीत. ती फोल्डिंग ॲट होमचं काम करतात, म्हणजे आपल्या शरीरातली प्रथिनं घडी कशी घालतात, कशी हलतात आणि कुठे चुकतात याचं गणित. जगभरातल्या लोकांनी आपापले कॉम्प्युटर यासाठी लावून ठेवलेत, कोणी पैसे घेत नाही. संशोधक मोठं गणित छोट्या तुकड्यांत कापतात, सर्व्हर एक तुकडा तुमच्याकडे पाठवतो, मशीन काही तासांत तो सोडवून परत पाठवतं आणि पुढचा मागतं.

मला या प्रकाराची ओळख कॉलेजच्या लॅबमध्ये झाली. तिथे एका पीसीवर सेटी ॲट होमचा स्क्रीनसेव्हर चालायचा, रंगीत दांड्यांचा आलेख सरकत असायचा, आणि सरांनी सांगितलं की हा पीसी आत्ता अरेसिबोच्या दुर्बिणीने पकडलेल्या रेडिओ लहरींमध्ये कोणी परग्रहावरून बोलतंय का ते शोधतोय. १७ मे १९९९ ला बर्कलीच्या विद्यापीठाने ते सुरू केलेलं. मला त्यातल्या परग्रहापेक्षा हे जास्त भावलं होतं की आपण जेवायला गेलो तरी आपला कॉम्प्युटर कोणाच्या तरी कामात हात घालून बसलेला असतो. ३१ मार्च २०२० ला सेटीने नवे तुकडे पाठवणं थांबवलं, आणि मी तेव्हा लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी पुण्याहून घरी येऊन इथेच अडकले होते, हाताशी ऑफिसचा लॅपटॉप आणि माझा स्वतःचा जुना डेस्कटॉप जो मी गाडीच्या डिकीत गोधडीत गुंडाळून आणला होता.

त्या दिवसांत फोल्डिंग ॲट होमवर करोनाच्या प्रथिनांचं काम आलं. हा प्रकल्प जुना, २००० सालचा, स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी सुरू केलेला, पण मार्च २०२० मध्ये लोक असे तुटून पडले की सगळ्यांची मिळून ताकद एक एक्साफ्लॉपच्या पुढे गेली, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं, आणि एप्रिलमध्ये तो आकडा २.४ वर पोचला. जगातले सगळ्यात मोठे पाचशे सुपरकॉम्प्युटर एकत्र केले तरी त्याहून जास्त, असं तेव्हा छापून आलं होतं. माझा डेस्कटॉप त्यात एक थेंब होता, पण घरात बसून बातम्या बघत राहण्यापेक्षा मला त्या पंख्याचा आवाज बरा वाटायचा. पुढे त्यातून करोनाच्या काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रथिनाचं तोंड कसं उघडतं, ते किती रुंद उघडतं, हे दिसलं. सगळ्यांच्या मशीन्सनी मिळून प्रथिनांच्या हालचालीचं ०.१ सेकंद मोजलं, आणि हे ०.१ सेकंद केवढं मोठं आहे हे समजायला जरा आत शिरावं लागतं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, ती स्वतःभोवती वळून एक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. कॉम्प्युटरवर हे बघायचं तर प्रत्येक अणूवर आजूबाजूच्या अणूंची ओढ किती, तो किती सरकेल, हे मोजायचं, सगळ्यांना तेवढं सरकवायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. असं एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं असतं, आणि एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. त्याहून फार मोठं टाकलं तर अणू एकमेकांवर आदळून गणित फुटतं. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, अशी ५० कोटी पावलं लागतात, आणि पाऊल एकामागून एकच टाकता येतं, पुढचं आधी टाकता येत नाही. म्हणून ते लोक एकाच प्रथिनाच्या हजारो वेगवेगळ्या वाटा एकदम सुरू करतात आणि प्रत्येक वाटेचे तुकडे करून लोकांना वाटतात. लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली कामाची नोंद, उघडला की दिसतं, प्रोजेक्ट अमुक, रन १२, क्लोन ७, जेन ४३. जेन म्हणजे त्या वाटेचा कितवा तुकडा. माझ्याकडे ४३वा आला म्हणजे त्याच्या आधीचे सगळे तुकडे कोणी ना कोणी करून झालेत, जिथे शेवटच्याने सोडलं तिथून मी उचलते, आणि मी पाठवला की ४४वा तयार होऊन कुठेतरी जातो, फिनलंडला जाईल नाहीतर नागपूरला. मी दिला नाही तोवर ४४ जन्मत नाही. म्हणूनच लवकर परत केलं की जास्त पॉइंट देतात, आणि प्रत्येक तुकड्याला मुदत असते, ती उलटली की तोच तुकडा दुसऱ्याला जातो.

हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीतली पाण्याची पाळी आठवली. माझ्या लहानपणी वरच्या झऱ्याचं पाणी पाटाने खाली यायचं आणि कोणाच्या आगरात कधी वळवायचं ते ठरलेलं असायचं, कोणाची पाळी रात्री दोनची, कोणाची पहाटे पाचची. पाळीला उठलं नाही तर पाणी थांबून राहत नसे, खालच्या घरचा माणूस खोरं घेऊन आलेलाच असायचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर, आणि आम्ही दापोलीकर त्याच्या अगदी कडेला. घराची कौलं उडाली ते एकवेळ ठीक, पण आगर बघवत नव्हतं. पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर पडलेल्या, माड मुळासकट उपटलेले, आणि अण्णा काही न बोलता एकेका झाडापाशी जाऊन उभे राहत होते. सुपारी लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात, माडाला त्याच्या आसपास, आणि अण्णा तेव्हा साठीच्या पुढे होते. आमच्या वाडीत पुढे महिनाभर लाईट नव्हती. माझ्या डेस्कटॉपवर तेव्हा एक तुकडा अर्धवट राहिला होता, बहुतेक साठ टक्के झालेला. त्याची मुदत केव्हाच उलटली असणार आणि तो दुसऱ्या कोणाकडे गेला असणार. त्या चिखलात, अंगणात पडलेल्या झावळ्या ओढताना मला ही गोष्ट का आठवावी माहीत नाही, पण आठवली, आणि बरं वाटलं की तो तुकडा अडून राहिला नाही.

त्या वर्षी पावसाळ्यातच अण्णांनी नवीन रोपं आणली, कृषी विद्यापीठाच्या नर्सरीतून. मी पुण्याला परत गेले नाही.

आजीचं विसरणं त्याच सुमारास वाढलं. आधी चहात साखर दोनदा घालणं, मग संध्याकाळी "घरी जायचंय" म्हणून पिशवी भरणं, मग मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारणं. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. मी वाचत गेले तेव्हा कळलं की मेंदूत अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचे तुकडे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, टाऊ नावाचं दुसरं एक पेशींच्या आत गुंता करतं, आणि हे का होतं याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. फोल्डिंग ॲट होमच्या सेटिंगमध्ये कोणत्या आजाराचं काम आधी घ्यायचं ते निवडता येतं. मी अल्झायमर निवडलं. आजीला त्याचा उपयोग व्हायचा नव्हता हे मला स्वच्छ माहीत होतं. तरी निवडलं, आणि एका जुन्या डेस्कटॉपवर भागेना म्हणून मशीन वाढवायचं ठरवलं.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाने मायनिंगची, म्हणजे ग्राफिक कार्डांवर गणितं सोडवून नाणी कमावण्याची पद्धत बंद केली आणि काही महिन्यांत सेकंडहँड ग्राफिक कार्डं धडाधड स्वस्त झाली. मी तीन घेतली, दोन ३०६० टीआय आणि एक ३०७०, मायनिंगमध्ये वापरलेली. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर थोडी अवघड कामं पटापट करतो, आणि ग्राफिक कार्डात हजारो छोटे कामगार एकच सोपं काम एकदम करतात. हजारो अणूंची ओढ मोजायला दुसरी जात लागते. प्रोसेसर मोकळा राहतो म्हणून त्यावर मी रोझेटा ॲट होमचं काम लावते, तेही प्रथिनांचंच, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचं. त्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्या रात्री मी घरात सगळ्यांना साखर वाटली होती.

पण कार्डं आल्यावर पहिल्या वर्षी मी ती पंख्यावरच चालवली आणि तिथे समुद्राने मला शिकवलं. पंख्याचं गार करणं म्हणजे खोलीतली हवा सतत मशीनमधून ओढायची, आणि आमची हवा खारी. मे महिन्यात खोली ३६ अंशांवर जायची, कार्डं ८० च्या वर, पंखे पूर्ण वेगाने, म्हणजे जितकी उष्णता जास्त तितकी खारी दमट हवा आत जास्त. वर्षभराने एक कार्ड बंद पडलं. उघडून बघितलं तर स्क्रूंची डोकी तांबडी, पंख्याच्या आत मिठाची पांढुरकी खरपुडी, आणि उष्णता वाहणाऱ्या तांब्याच्या नळ्यांवर न घासलेल्या ताम्हणाला चढतो तसा हिरवा थर. ते कार्ड हातात घेऊन मी पायरीवर बराच वेळ बसले होते. लोक पंख्याऐवजी पाण्यावर जातात ते वेगासाठी किंवा आवाज नको म्हणून किंवा दिसायला छान म्हणून, माझं कारण एवढंच की पाण्यावर गेलं की पेटी बंद करता येते. हवा आत यायची गरजच उरत नाही.

पाणी उष्णता किती उचलतं याचा हिशोब मी अण्णांना असा सांगितला होता, एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. ते म्हणाले, "मग विहीर आहेच की."

आणि मी ते शब्दशः घेतलं, ही माझी मोठी चूक. विहिरीचं पाणी, जाड फिल्टरमधून का होईना, थेट कार्डांवरच्या तांब्याच्या ब्लॉकमध्ये सोडलं. पहिले पंधरा दिवस स्वर्ग होता, कार्डं ४५ वर, खोली शांत. मग तापमान रोज एखाद अंश चढायला लागलं, पन्नास, साठ, आणि एका रात्री ८४ वर जाऊन कार्डाने आपणहून वेग कमी केला. ब्लॉक खोलला. आतमध्ये तांब्याचे बारीक पापुद्रे असतात, कंगव्याच्या दातांसारखे, दोन दातांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट, आणि त्या सगळ्या फटी लाल चिखलाने लिंपलेल्या. बोटाला लावून बघितला तर आमच्या जांभ्याचाच रंग, विहिरीतल्या लोखंडाचा. आईने जुना टूथब्रश आणि चिंच आणून दिली, देवाची भांडी घासतात तशी, आणि आम्ही दोघींनी ओट्यावर बसून सगळे ब्लॉक घासले. चिंचेने तांबं असं निघालं की आईने एक ब्लॉक उजेडात धरून दोनदा फिरवून बघितला.

त्यानंतर दोन पाणी वेगळी केली. कार्डांतून फिरणारं पाणी बंद नळीत, बाहेरच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, ते बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोल पंपावर पाच लिटरचा कॅन मिळतो ते. शेवाळं धरू नये म्हणून त्यात मोरचुदाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब. आमच्याकडे मोरचूद कायम असतो, पावसाच्या आधी सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात त्यासाठी, आणि कूलिंगवाले जे महागडं औषध छोट्या बाटलीत विकत त्यातही तोच कॉपर सल्फेट होता. एक सांगते, निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकमध्ये हे घालू नका, माझे साध्या तांब्याचे आहेत. आणि सगळीकडे तांबंच ठेवा, त्याच पाण्यात ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला की दोन धातूंची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं, खारी हवा नसली तरीही.

मग ती उष्णता विहिरीच्या पाण्याला द्यायची कशी, तर डोण. एसी-फ्रीजचं काम करणाऱ्या दादांकडून अर्ध्या इंची तांब्याची नळी आणली, त्यांनीच ती माडाच्या ओंडक्याभोवती गुंडाळून वेटोळं करून दिलं. निसर्गमध्ये पडलेला तो ओंडका. पडवीपासून विहिरीपर्यंत नळ्या जमिनीखालून नेल्या. विहिरीचं पाणी दिवसातून दोनदा पंपाने दोन हजार लिटरच्या टाकीत चढतं आणि तिथून उताराने डोणीत येतं, मिनिटाला तीन लिटर. टाकी दुपारी तापते म्हणून तिच्यावर झापं टाकलीत. दोन्ही मशीन मिळून साधारण ६०० वॉट पाण्यात सोडतात, आणि मिनिटाला तीन लिटर पाण्याला ६०० वॉट दिले की ते जेमतेम तीन अंश चढतं, कागदावर काढलेलं उत्तर आणि डोणीतला थर्मामीटर जुळले तेव्हा मी अंगणातून ओरडले होते. अण्णांना एकच काळजी होती, मुळांना गरम पाणी बाधेल का. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच हात घालून बघा." त्यांनी पाटात हात धरला, बराच वेळ, मग नुसतं "सोड" म्हणाले. दिवसाला चार हजार लिटरच्या वर पाणी जातं, आणि ते आगराला डिसेंबरपासून मेपर्यंत लागतंच. कार्डांसाठी म्हणून जास्तीचं पाणी एक थेंबही उपसत नाही.

पावसाळ्याचं प्रकरण वेगळं. पहिल्या जुलैत एका रात्री पडवीत फट आवाज होऊन ट्रिप पडला. टॉर्च मारला तर पेटीच्या तळाशी पाणी, एक्स्टेन्शन बोर्डवर थेंब. मी धरून चालले की नळी गळतेय. सगळे जोड टिश्यू पेपरने पुसून बघितले, एकही जोड ओला नाही, पण नळ्यांची पाठ सगळीकडून ओली, लस्सीच्या ग्लाससारखी. त्या रात्री नेट गेलेलं, नवीन तुकडे येत नव्हते, म्हणून कार्डं रिकामी, पण पंप चालूच. बाहेर डोणीत पावसाचं गार पाणी थेट पडतंय, त्यामुळे नळीतलं पाणी २५ अंशांवर आलेलं, आणि खोलीतली हवा २८ अंश, दमटपणा ९० च्या पुढे. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २६ च्या वर असतो. म्हणजे पाण्यापेक्षा हवाच नळीवर पाझरत होती. उन्हाळ्यात जितकं गार तितकं चांगलं असं माझं डोकं बसलेलं, पण आमच्या पावसाळ्यात फार गार हा धोका आहे, आणि मी या विषयावर जे काही वाचलं होतं ते सगळं कोरड्या थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं. आता एक छोटा सेन्सर खोलीचं तापमान आणि दमटपणा मोजतो, त्यावरून दवबिंदू काढतो, आणि नळीतलं पाणी त्याच्यावर दोन अंश राहील असा पंपाचा वेग ठरतो. कार्डं रिकामी झाली की पंप थांबतो. त्यानंतर नळीला घाम आलेला नाही.

आजी त्या खोलीत यायची. नळ्यांच्या पाण्याच्या भांड्यात हवेचा बुडबुडा अडकला की खळखळ आवाज होतो, तो रात्रीच्या शांततेत माजघरापर्यंत जायचा, आणि ती उठून भिंतीला धरत पडवीत यायची. "कोणी पाणी सोडलंय गो?" आजीने या घरात आल्यापासून चाळीस वर्षं शिंपण केलं होतं, आधी रहाटाचं मग पंपाचं, पदर खोचून, खोऱ्याने एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवत. मी तिला खुर्चीवर बसवायचे आणि परतीची नळी हातात द्यायचे, कोमट असते ती, आणि तिचे हात कायम गार. ती नळी धरून बसायची. माझं नाव तिला तेव्हा येत नव्हतं, पण दर वेळी एक प्रश्न ती अगदी बरोबर विचारायची, "शेवटच्या माडाला पोचलं का?" आगराच्या खालच्या टोकाला, बांधाशी, एक माड आहे, पाटाचं पाणी त्याच्यापर्यंत जाईतो अर्धं जिरतं, म्हणून शिंपणारा माणूस कंटाळला की तोच उपाशी राहतो. निसर्गात तो पडला नाही. मी म्हणायचे, "पोचलं आजी." एकदा खरंच टॉर्च घेऊन बघून आले, कारण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला खोटं बोलवेना. पोचलं नव्हतं, मध्ये एका जागी पाट फुटला होता.

आजी २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेली.

मला ओळखीचे लोक विचारतात की एवढी वीज जाळण्यापेक्षा ते पैसे एखाद्या संस्थेला दे. प्रश्न चुकीचा नाही आणि मी तो स्वतःलाही विचारलाय. ६५० वॉट म्हणजे दिवसाला साडेपंधरा युनिट, महिन्याला पावणेपाचशेच्या आसपास, खेड्यातल्या घराला हे बिल जड आहे. २०२४ मध्ये छपरावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, केंद्राच्या योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळालं, त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिट येतात, पावसात चार-पाच. म्हणून जून ते सप्टेंबर मी एकच कार्ड चालवते. बाकी महिने दोनशे वॉटच्या कार्डांना १३० वर बांधून ठेवते, वेग साधारण दहा टक्के जातो पण वीज तिसऱ्या हिश्श्याने वाचते, हे ज्याने केलं नसेल त्याने आजच करावं. कोणी असंही म्हणतं की आता एआय प्रथिनांचे आकार चुटकीसरशी सांगतं, मग तुझी मशीन्स कशाला. ते आकार सांगतं, घडी झाल्यावरचा. पण प्रथिन जिवंत शरीरात एका आकारात बसून राहत नाही, उघडतं मिटतं, वळतं, आणि औषध जिथे शिरायचं ती फट कधीकधी क्षणभरच उघडते, ती बघायला अजून हे पावलापावलाचं मोजणंच लागतं. मला हे पटलंय म्हणून मी करते. संस्थेला पैसे देणारे द्यावेतच, मीही देते, पण माझ्या हातात जे कसब आहे ते या पेटीत आणि या नळ्यांत आहे.

लाईट जाण्याचं तेवढं इथे काही करता येत नाही. इन्व्हर्टरवर कार्डं घालत नाही, लाईट गेली की काम आपोआप थांबतं, फक्त पंप आणि राउटर चालू राहतात, आणि आली की शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जिथवरचं काम जपून ठेवलेलं असतं तिथून पुढे. चार-पाच तासांनी मुदत उलटत नाही.

यंदा विहीर मे लागताच तळाच्या कातळापर्यंत गेली. टाकी दिवसातून एकदाच भरते, तीही पाऊण. अण्णांनी रात्री जेवताना वहीत लिहिल्यासारखं सांगितलं, वरच्या पोफळींना संध्याकाळी, मधल्या पट्ट्याला रात्री दहाला, आणि खालच्या माडांना पहाटे चारला. "चारची पाळी तुझी," म्हणाले, "तुझी मशीन तेव्हाच लाव." म्हणजे आता पाण्याच्या वेळापत्रकात पडवीतली खोली आहे. पाणी वाहील तेवढ्या वेळातच कार्डं चालतात, एरवी बंद. एक तुकडा एका पाळीत संपत नाही, तीन-चार पाळ्या लागतात, पण मुदतीच्या आत बसतो, मी हिशोब केलाय.

आज पावणेचारला उठले. डोणीचा कॉक उघडला, खोरं घेऊन पाटाच्या कडेने चालत गेले, ज्या जागी पाट दरवर्षी फुटतो तिथे दोन खोरी माती टाकली. खालच्या माडाच्या आळ्यात पाणी यायला तेवीस मिनिटं लागली. आधी पुढे सुकलेली पानं तरंगत आली, मग पाणी, आणि आळ्याची तडकलेली माती काळी होत गेली. टॉर्च बंद करून घराकडे आले आणि कार्डं चालू केली. लॉगमध्ये जेन ११६ होता, ३८ टक्क्यांपासून पुढे.